दुरुस्तीनंतरचें दुखणें

मोटारगाडी बिघडली म्हणजे मनुष्यास वाईट वाटतें. पण दुरुस्त होऊन घरीं आलेली गाडी जेव्हां पूर्वीपेक्षांहि वाईट चालूं लागते, तेव्हां नुसतें वाईट वाटून भागत नाहीं, तर रागहि येतो. पैसे गेले, दिवस गेले, आणि हातीं आलें तें हें! अशा वेळीं बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतें, "मिस्त्रीनें गाडीची वाट लावली." हें वाक्य कधीं खरें असतें, कधीं अर्धें खरें असतें, आणि कधीं मुळींच खरें नसतें. तें केव्हां किती खरें आहे हें ठरविण्याचा कांहीं मार्ग आहे कीं नाहीं, याचा शोध २०२३ च्या उन्हाळ्यांत आम्हांस करावा लागला. पदार्थविज्ञानाच्या तासाला जें आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर शिकवीत आलों, त्याची कसोटी घरच्या अंगणांत अशी लागेल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

आमची गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. आजच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं ती चित्रांतच पाहिली असेल. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट ११०० या गाडीवरून ही गाडी तयार होत असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून जें चित्र लोकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें, तें हिचेंच. या शतकाच्या उंबरठ्यावर तिचें उत्पादन थांबलें, आणि मुंबईंतील या जातीची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निघून गेली. आमच्या वडिलांनीं आमची गाडी १९९३ सालीं घेतली. फेरनोंदणीची वेळ आली कीं कोणीतरी "आतां मोडींत काढा" असें म्हणतो, आणि वडील ऐकूं न आल्यासारखें करतात. परंतु ती केवळ हौसेसाठीं ठेविलेली नाहीं. आईला दर तीन आठवड्यांनीं कोल्हापुराहून मिरजेस तपासणीसाठीं न्यावें लागतें. रस्ता सुमारें पन्नास किलोमीटरांचा. तिला एस्. टी. ची चढउतार सोसत नाहीं, आणि आमच्या घरांत दुसरी गाडी नाहीं.

एप्रिलांत जयसिंगपुराच्या अलीकडे या गाडीचें पाणी उकळलें. सायलेन्सरांतून पांढरी वाफ येऊं लागली, आणि रेडिएटरांत ओतलेलें पाणी दिसेनासें होऊं लागलें. ज्यांना या विषयांत गति आहे त्यांस एवढ्यावरून रोग कळेल: हेडचें गॅस्केट गेलें होतें. हेड म्हणजे इंजिनाचें डोकें. तें आणि खालचा ठोकळा यांच्यामध्यें जी पातळ चकती असते, ती फुटली कीं पाणी सिलिंडरांत शिरतें. आमचे मिस्त्री गेलीं बावीस वर्षें या गाडीची देखभाल करीत आले आहेत. त्यांनीं हेड खोललें, मशीनवर घासून सपाट करून आणलें, व्हॉल्व बसविले, नवें गॅस्केट घातलें, आणि जातां जातां कार्बोरेटरहि धुऊन साफ केला. पांचव्या दिवशीं गाडी घरीं आली. मजुरी निम्मी दिली; निम्मी आठ दिवस गाडी चालवून पाहिल्यावर द्यावयाची असें ठरलें.

पाणी उकळणें बंद झालें, यांत शंका नाहीं. पण गाडी जागेवर उभी राहिली कीं इंजिन हींव भरल्यासारखें थरथरे आणि चौकांत हटकून बंद पडे. एक्सिलरेटर दाबला कीं तें बरें चाले. शिवाय अर्धा तास धांवल्यानंतर उड्डाणपुलाच्या चढावर ती एकाएकीं आचके देऊं लागे, जणूं कोणी मागून दोरी ओढीत आहे. आईची मिरजेची खेप दहा दिवसांवर आलेली.

आजाऱ्याच्या उशाशीं जसे सगेसोयरे जमतात, तसे सल्लागार जमले. शेजाऱ्यांच्या मतें पेट्रोलांत भेसळ होती. एक गृहस्थ म्हणाले, "प्लग, कॉइल, पेट्रोल-पंप, सगळेंच नवें घाला, कशाचा ना कशाचा गुण येईल." हा सल्ला ऐकावयास सोपा, परंतु पांच वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कोणत्या वस्तूनें ती सुधारली हें कधींच कळत नाहीं, आणि न सुधारली, तर जुन्या दोषांत नव्या हातांच्या नव्या दोषांची भर पडण्याची धास्ती. पण आमच्या मेहुण्यांचें म्हणणें या सर्वांहून जोरदार होतें. ते म्हणाले, "दाजी, गाडी गॅरेजांत गेली तेव्हां अशी थरथरत नव्हती. मिस्त्रीनें हात लावला, आणि आतां थरथरते. आणखी पुरावा कशाला पाहिजे? उरलेले पैसे देऊं नका, आणि गाडी दुसऱ्याकडे न्या."

या युक्तिवादाचा थोडा विचार केला पाहिजे, कारण तो मूर्खपणाचा नाहीं. दुरुस्तीनंतर नवीन लक्षण दिसलें, तर तें दुरुस्तींतून आलेलें असण्याचा संभव मोठाच असतो. हेड खोलावयाचें म्हणजे तारा काढाव्या लागतात, नळ्या सोडवाव्या लागतात, कार्बोरेटर उतरवावा लागतो; आणि जें जें काढलें तें तें पुन्हां बसवितांना चुकण्यास जागा असते. म्हणून ज्या ज्या जागीं हात लागला, त्या त्या जागा प्रथम तपासाव्या, हा नियम योग्यच आहे. परंतु 'प्रथम तपासाव्या' हें एक, आणि 'तेथेंच दोष आहे' हें दुसरें. एका गोष्टीनंतर दुसरी घडली एवढ्यानें पहिली दुसरीचें कारण ठरत नाहीं. शिवाय आमची गाडी गॅरेजांत गेली तेव्हां निरोगी होती असेंहि नाहीं. ती भर उन्हांत उकळून, दोरानें ओढून नेली गेली होती. त्या तापाचा परिणाम आणखी कोणत्या भागावर झाला असेल, हें कोणीं पाहिलें होतें? बावीस वर्षांचा संबंध एका वाक्यावर तोडावयाचा, तर तें वाक्य तपासून घेणें प्राप्त होतें.

विद्यार्थिमित्रहो, पेट्रोलच्या इंजिनाला चालण्यास तीनच गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, तें दाबून धरील असें बंदिस्त सिलिंडर, आणि नेमक्या क्षणीं पडणारी ठिणगी. मिश्रणांत वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा असावी लागते. ठिणग्यांचा हिशेब तर विस्मयकारक आहे. चार सिलिंडरांचें इंजिन जागेवर मिनिटास आठशें फेरे घेत असलें, तर त्यांत मिनिटास सोळाशें ठिणग्या पडतात; तीन हजार फेऱ्यांवर त्याच ठिणग्या सेकंदास शंभर होतात. बारा व्होल्टच्या बॅटरीपासून कॉइल जो दाब उत्पन्न करते तो कित्येक हजार व्होल्टचा असतो. गाडी वाईट चालते म्हणजे या तिहींपैकीं कांहींतरी उणें आहे. तेव्हां प्रश्न इतकाच, कीं कोणतें, आणि कोणत्या वेळीं?

आमची नववींतील कन्या हातीं वही घेऊन उभी राहिली. तिला ताकीद एवढीच होती, कीं जें दिसेल तें लिहावयाचें, जें वाटतें तें नाहीं. आणि एका वेळीं एकच बदल.

प्रथम प्लगच्या तारा पाहिल्या. या इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा असतो, १-२-३-४ असा नव्हे. तारा पुन्हां लावतांना दोन व तीन यांची अदलाबदल होणें ही गॅरेजांतील नेहमींची चूक. तसें झालें तर चारांपैकीं दोनच सिलिंडर काम करतात. आमच्या तारा बरोबर होत्या. मग इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीनें एकेका प्लगची तार क्षणभर काढून पाहिली. (हें काम मुलांनीं करूं नये, तो धक्का साधा नसतो.) जें सिलिंडर आधींच मेलेलें असेल त्याची तार काढल्यानें कांहीं फरक पडत नाहीं. आमच्या चारहि तारा काढतांना इंजिन सारखेंच मंदावलें. म्हणजे चारहि सिलिंडर सारखें काम करीत होते. व्हॉल्व नीट बसला नाहीं किंवा एखादा टॅपेट ताठ राहिला अशी जी शंका होती, ती याप्रमाणें बरीचशी मिटली. दोष एका सिलिंडराचा नव्हता. जें चौघांना मिळून मिळतें त्यांत होता.

तिसरी परीक्षा सर्वांत साधी. इंजिन गरम असतांना चोकची दांडी किंचित् ओढली. चोक हवा अडवितो आणि मिश्रणांत पेट्रोल वाढवितो. गरम इंजिनाला तें एरवीं मानवत नाहीं. पण आमचें थरथरणारें इंजिन चोक ओढतांच शांत झालें! कन्येनें वहींत लिहिलें, "चोक ओढल्यावर बरें वाटतें." यावरून निघालें तें असें: मिश्रणांत हवा फाजील होती. कार्बोरेटरनें मोजून दिलेल्या हवेशिवाय आणखी हवा कोठून तरी चोरवाटेनें शिरत होती. एक्सिलरेटर दाबल्यावर दुखणें कां लपे, हेंहि येथें उलगडतें. इंजिन जागेवर असतांना तें फारच थोडी हवा घेतें, आणि चोरवाटेची हवा त्या मानानें मोठी ठरते. वेगांत हवेचा लोंढाच मोठा असल्यामुळें तेवढी चोरी कळून येत नाहीं.

चोरवाट सांपडविण्यासाठीं कांहीं लोक चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडतात. तसें कोणींहि करूं नये. गरम इंजिनावर त्याचा भडका होण्यास वेळ लागत नाहीं. आम्हीं हातभर लांबीची रबरी नळी घेतली, एक टोंक कानाशीं धरलें, आणि दुसरें फिरत्या भागांपासून दूर राखून सांध्यासांध्यापाशीं नेलें. कार्बोरेटरच्या तळाशीं, मागल्या बाजूस, बारीक सूं सूं ऐकूं आलें. तेथें कुंचल्यानें साबणाचें पाणी लावलें. आवाज थांबला, आणि पाणी आंत ओढलें जाईपर्यंत चार-दोन क्षण इंजिन सुरळीत चाललें. कार्बोरेटर आणि त्याची बैठक यांमधील गॅस्केटांतून हवा शिरत होती.

मिस्त्रींस दूरध्वनि केला. "गाडी बिघडली" असें न सांगतां, जें दिसलें तेंच कन्येनें वहींतून वाचून दाखविलें. ते संध्याकाळीं स्कूटरवरून आले, नळी कानाला लावली, आणि म्हणाले, "सर, त्या दिवशीं दुकान बंद झालं होतं. तुम्हांला गाडीची घाई, म्हणून जुनंच पॅकिंग पुसून बसवलं. हें माझ्याकडचं." त्यांनीं नवें गॅस्केट घातलें, आणि नट एकदम न आंवळतां आळीपाळीनें थोडे थोडे आंवळले, एकाच बाजूनें आंवळल्यास कार्बोरेटरचा तळ वांकतो आणि मग कोणतेंहि गॅस्केट टिकत नाहीं. गाडी सुरू केली. मघांपर्यंत तापानें थरथरणारें इंजिन शिवणयंत्रासारखें एका लयींत चालूं लागलें.

मेहुण्यांस अर्थातच आनंद झाला. "बघा, मीं काय म्हणत होतों?" आणि तें त्यांचें म्हणणें इतकें तरी खरें ठरलें होतें, हें आम्हीं मान्य केलें.

पण दुसऱ्या दिवशीं हातकणंगल्याच्या रस्त्यावर, अर्धा तास होतांच, तेच आचके पुन्हां आले. मेहुणे शेजारीं बसले होते. ते म्हणाले, "ह्याचाहि धनी तोच." मनुष्याचें मन असें आहे, कीं एक गुन्हा शाबीत झाला म्हणजे दुसरा त्याच्या नांवावर मांडावयास त्याला साक्षीदार लागत नाहीं. वास्तविक हें लक्षण पहिल्याहून अगदीं निराळें होतें. पहिलें जागेवर दिसे आणि वेगांत लपे. हें जागेवर लपे आणि भाराखालीं दिसे. पहिलें केव्हांहि दिसे. हें इंजिन चांगलें तापल्याशिवाय येत नसे. दोन दुखणीं एकाच दिवशीं उमगलीं म्हणून तीं एकाच रोगाचीं ठरत नाहींत.

भाराखालीं इंजिन अडखळतें तें बहुधा पेट्रोल कमी पडल्यानें किंवा ठिणगी चुकल्यानें. पेट्रोल कमी पडलें तर गाडी हळूहळू दम सोडते. आमची गाडी मात्र बटण दाबून दिवा मालवावा तशी क्षणांत तुटे आणि क्षणांत पेटे. म्हणून रस्त्याकडेच्या लिंबाखालीं गाडी उभी करून डिस्ट्रिब्युटरचें झाकण काढलें. आंतील पॉइंट करपून निळसर-काळे पडले होते, आणि इंजिन हातानें फिरवून पाहतांच त्यांच्यामध्यें टपोरी ठिणगी उडाली. ठिणगी प्लगमध्यें पडावयाची. ती येथें पडत होती.

येथें संशय जातो तो कंडेन्सरवर. करंगळीच्या पेऱ्याएवढी ही पत्र्याची डबी, पण तिचें काम मोठें आहे. पॉइंट उघडले कीं कॉइलमधील प्रवाह तुटावयाचा असतो. परंतु तो सहजासहजीं तुटत नाहीं, उघडणाऱ्या फटींतून उडी मारून पुढें जाऊं पाहतो. कंडेन्सर त्या घटकेला तो प्रवाह आपल्या पोटांत घेतो, त्यामुळें तो झटकन् तुटतो; आणि तो जितका झटकन् तुटेल तितका कॉइलमध्यें दाब मोठा उत्पन्न होतो. कंडेन्सरच्या आंतील आवरण जीर्ण झालें म्हणजे तो थंड असतांना काम करतो आणि तापला कीं कामांतून जातो. आमच्या वेळापत्रकाशीं हें तंतोतंत जुळत होतें.

मिस्त्रींनीं त्याला हात लावला होता काय? तारा काढण्यासाठीं त्यांनीं वरचें झाकण काढलें असेल. पण कंडेन्सर ज्या स्क्रूनें बसविलेला असतो, त्याच्या खांचेंत तेल आणि धूळ यांची जुनी साय जशीच्या तशी होती. मेहुण्यांस आम्हीं ती बोटानें दाखविली. ज्या स्क्रूला कित्येक वर्षांत पेचकस लागला नाहीं, त्याचा दोष गेल्या आठवड्यांतील मनुष्यावर कसा घालावयाचा? ते कांहीं वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मग ह्याच वेळीं कसा गेला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. कदाचित् एप्रिलांतील त्या तापानें गेला असेल. कदाचित् त्याचे दिवस भरले असतील. एवढ्यापुढें पुरावा जात नव्हता, आणि पुरावा जेथें थांबतो तेथें आम्हीहि थांबलों.

नवा कंडेन्सर घातला. पॉइंट मुद्दाम जुनेच ठेविले. हातकणंगल्यापर्यंत जाऊन आलों. एकहि आचका नाहीं. येथें काम संपलें असें आम्हांस वाटलें, पण कन्या वही मिटीना. ती म्हणाली, "बाबा, आज ऊन कमी होतं. जुना परत लावून बघूं या ना." वर्गांत आम्ही जें सांगतों तें कोणीतरी ऐकत असतें, याचें समाधान अशा वेळीं फार वाटतें. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं, त्याच रस्त्यावर, जुना कंडेन्सर लावून गाडी नेली. पस्तिसाव्या मिनिटाला आचके सुरू झाले. मेहुणे मागच्या आसनावर होते. "तुम्ही मास्तर मंडळी!" एवढेंच ते म्हणाले, पण पुढच्या झाडाखालीं नवा कंडेन्सर लावतांना पेचकस त्यांनींच धरला होता. मागाहून करपलेले पॉइंट बदलले, आणि त्यांची फट फिलर गेजच्या पातीनें मोजून ठेविली. ती वाढली कीं ठिणगी लवकर पडते, कमी झाली कीं उशिरां. म्हणून नजरेच्या अंदाजावर ती सोडूं नये.

ज्या पालकांच्या गाड्या नव्या आहेत त्यांस वाटेल, कीं आमच्या गाडींत ना कार्बोरेटर, ना पॉइंट. आम्हांस याचा काय उपयोग? नव्या गाडींत संगणक असतो, आणि गॅरेजांतील यंत्र जोडलें म्हणजे तो दोषाचा अंक सांगतो, हें खरें. पण तो अंक बहुधा लक्षण सांगतो, कारण सांगत नाहीं. 'पी ०१७१' असा अंक आला तर त्याचा अर्थ मिश्रणांत हवा फाजील आहे इतकाच. ती फुटक्या नळींतून शिरते, कीं हवा मोजणारें यंत्रच चुकतें, कीं पेट्रोलच कमी येतें, हें शोधण्यास पुन्हां कान आणि डोळेच लागतात. दुरुस्तीच्या वेळीं बॅटरी सोडविली असेल तर संगणक पूर्वीं शिकलेलें विसरतो, आणि कांहीं अंतर जाईपर्यंत पुष्कळ गाड्या जागेवर ओबडधोबड चालतात. तेवढ्यावरून मिस्त्रीशीं भांडूं नये. मात्र इंजिनाचा पिंवळा दिवा उघडझाप करूं लागला तर गाडी पुढें दामटूं नये. ठिणगी चुकून न जळलेलें पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जळतें आणि तो महागडा भाग निकामी करतें.

उरलेली मजुरी देण्याचा दिवस आला. मेहुण्यांची सूचना कांहीं रक्कम कापून घेण्याची होती. वडिलांनीं पूर्ण रक्कम पाकिटांत घालून ठेविली. मिस्त्रींनीं पाकीट उघडलें, त्यांतून गॅस्केटच्या कामाचे पैसे काढून टेबलावर ठेविले, आणि जुना कंडेन्सर मागून घेतला. गॅरेजांतील पोरांना दाखवावयाचा, असें ते म्हणाले. वहीहि त्यांनीं चाळली. तिच्यांतील एक पान त्यांच्या मदतनीसानें फोनवर टिपून घेतलें.

आईची मिरजेची खेप वेळेवर झाली, आणि त्यानंतरच्याहि. पांचशें किलोमीटर झाल्यावर मिस्त्रींनीं थंड इंजिनावर हेडचे नट पुन्हां आंवळले आणि टॅपेट लावले. चौथ्या सिलिंडराचा एक टॅपेट अजून किंचित् वाजतो. तो आणखी घट्ट करण्यास ते तयार नाहींत. व्हॉल्व जळेल म्हणतात. वडिलांस त्या आवाजाची आतां इतकी संवय झाली आहे, कीं गाडी गल्लीच्या तोंडाशीं आली म्हणजे ते फाटक उघडावयास उठतात.